आकाशदर्शन, शालेय

सहावी ते आठवीच्या मुलांना नुसत्या डोळ्यांनी तारे, नक्षत्रे व ग्रह ओळखायला शिकवण्याचा उपक्रम. मुंबईत त्याला वरळीच्या नेहरू तारांगणाचा (1977) आणि हॅलेच्या धूमकेतूच्या (1986) सुमारास सुरू झालेल्या खगोल मंडळाचा मोठा आधार मिळाला.

सुरुवात मृगापासून करणे सोयीचे. जानेवारीच्या मध्यास रात्री 8 वाजता तो पूर्वेकडे साधारण साडेचार मुठी उंच असतो (हात ताणून धरलेली मूठ सुमारे 10° व्यापते). मधले तीन तारे म्हणजे बाण. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी; दोन्ही दोन मुठींहून किंचित लांब. ध्रुव मात्र उत्तरेला जेमतेम 19° वर, धुरकट हवेत बहुधा हरवलेला. गच्चीवर लोखंडी सळ्यांमुळे होकायंत्र चुकते, म्हणून दिशा मावळतीवरून आधीच ठरवाव्यात. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची ही तयारी वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधावा. नकाशा डोक्यावर धरूनच वाचावा, एरवी त्यातले पूर्व-पश्चिम उलटे वाटतात.

नावांचा घोळ जुना आहे. मराठीत चार पायांसकट सगळी आकृती ‘मृग’ म्हणवते व तांबूस काक्षी (इंग्रजीत बेटेलज्यूज) हा त्याचा एक पाय ठरतो. पंचांगातले मृगशीर्ष म्हणजे फक्त डोके. त्याची योगतारा (नक्षत्राची खूण मानलेला मुख्य तारा) लॅम्डा ओरायनिस. काक्षी हीच आर्द्रेची (मृगशीर्षानंतरच्या नक्षत्राची) योगतारा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात आर्द्रेचा शर (सूर्याच्या वार्षिक मार्गापासूनचे अंतर) 9° दक्षिण आहे, काक्षीचा सुमारे 16°. हा फरक निरीक्षणाच्या चुकीपेक्षा मोठा वाटतो, त्यामुळे ही ओळख सोयीची असली तरी पक्की म्हणता येत नाही. वर्गात काक्षी हेच नाव बरे.

शहराच्या उजेडात मृगाचे हे डोकेच दिसेनासे होते. बाणाचे तारे सुमारे दुसऱ्या प्रतीचे, लॅम्डा 3.4 प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). तो दिसतो का, हे प्रत्येकाने वहीत लिहावे. मुंबईबाहेर अंधाऱ्या वांगणीला गेल्यावर पुन्हा पाहावे.

‘मृगाचा पाऊस जूनमध्ये, मग तेव्हा मृग का दिसत नाही?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. 7-8 जूनच्या सुमारास सूर्यच मृगशीर्षात येतो, त्यामुळे ते तारे दिवसा डोक्यावर असतात.