भारतीय लायसन्सवरून जर्मन लायसन्स : लेखी परीक्षेची तयारी

भारतातून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत आलेल्या, आणि तिकडे गाडी चालवायची सवय असलेल्या मराठी मंडळींसाठी हे पत्रक आहे. आमच्या वर्गात येणारे बहुतेक जण चांगले चालक असतात. तरीही लेखी परीक्षेत अडकतात ते हेच चालक, कारण प्रश्न वाचला की हात सवयीने उत्तर देतो. तयारीचा मोठा भाग ही सवय ओळखण्यात जातो, म्हणून पत्रकाचाही मोठा भाग त्यावरच आहे.

आधी मुदतीचं बघा. जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते, आणि तेही जर्मन भाषांतर जवळ ठेवून. मुक्काम वर्षभराच्या आतलाच आहे हे दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते. आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याने मात्र ती वाढत नाही. जर्मनीत राहत असताना सुट्टीवर भारतात जाऊन नवीन लायसन्स काढलं, तर ते इथे धरलं जात नाही. मुदतीनंतर गाडी चालवताना सापडलात तर पावती फाडून सुटका होत नाही, फौजदारी गुन्हा दाखल होतो आणि त्याची झळ व्हिसाच्या कामातही लागू शकते. सहावा महिना उजाडायची वाट बघू नका. लायसन्स कार्यालयात अर्ज मंजूर व्हायलाच कित्येक आठवडे जातात.

अर्जाला पासपोर्ट, राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर, बायोमेट्रिक फोटो, डोळ्यांच्या तपासणीचा दाखला आणि प्रथमोपचाराच्या कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा असतो आणि एका दिवसात होतो. परीक्षा एखाद्या फारशूलेच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या, मार्फत द्यावी लागते. आम्ही फारशूले नाही, आम्ही फक्त लेखी परीक्षेची तयारी करून घेतो.

काही देशांचं लायसन्स परीक्षेविना बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत अशी : नव्याने शिकणाऱ्याला थिअरीचे वर्ग सक्तीचे असतात, तुम्हाला ते नाहीत. ही सवलत फसवी आहे. कुणी बसवून शिकवत नाही, त्यामुळे बरेच जण मोबाइलवर चार दिवस प्रश्न चाळून परीक्षेला जाऊन बसतात.

परीक्षेचं गणित

परीक्षा संगणकावर होते. कारच्या वर्गासाठी ३० प्रश्न असतात आणि प्रश्न चुकला की त्याचे २ ते ५ दोषगुण लागतात. एका प्रश्नाची एक, दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. तीनपैकी दोन बरोबर असताना एकावरच खूण केली, तर तो प्रश्न पूर्ण चुकला असं धरतात. एकूण १० दोषगुणांपर्यंत पास. पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होऊनही नापास, आणि हे पाच गुणांचे प्रश्न बरेचसे 'आधी कुणी जायचं' याच विषयावरचे असतात. म्हणून आमच्या वर्गातला निम्मा वेळ चौकातल्या अग्रक्रमावरच जातो.

काही प्रश्न व्हिडिओवर असतात. व्हिडिओ पाच वेळा बघता येतो, पण प्रश्न उघडल्यावर परत मागे जाता येत नाही. त्यामुळे बघतानाच आरसे, फुटपाथ, उभ्या गाड्यांमधल्या फटी आणि समोरच्याचा इंडिकेटर टिपायची सवय लावावी लागते.

परीक्षा जर्मनखेरीज १२ भाषांत देता येते. त्यात इंग्रजी आहे, मराठी किंवा हिंदी नाही. आमचा सल्ला असा की जी भाषा निवडाल तिच्यातच पहिल्या दिवसापासून सराव करा. इंग्रजी निवडलीत तरी पाट्यांवरचा मजकूर जर्मनच राहतो. 'आनलीगर फ्राय' म्हणजे त्या रस्त्यावर ज्याचं काम आहे त्यालाच वाट, एवढं तरी ओळखता यायला हवं.

थांबायचं कुणी?

चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, पोलीस नाही. अशा ठिकाणी उजवीकडून येणारा आधी जातो. तुमचा रस्ता रुंद आहे आणि त्याची गल्ली अरुंद आहे, तुम्ही कारमध्ये आहात आणि तो सायकलवर आहे, याने काहीही बदलत नाही. ट्रामलाही अशा चौकात हाच नियम लागू असतो. आपल्याकडे मोठी गाडी आधी निघते आणि लहान गाडी बाजू देते, त्यामुळे हे पाठ होतं, पण चित्र समोर आलं की हात चुकतो.

याला अपवाद आहेत, आणि परीक्षेत ते आवर्जून विचारतात. उजवीकडचा माणूस फुटपाथचा उतरता काठ ओलांडून रस्त्यावर येत असेल, शेतातल्या किंवा जंगलातल्या वाटेने येत असेल, किंवा मुलं खेळतानाची निळी पाटी असलेल्या भागातून बाहेर पडत असेल, तर त्याने थांबायचं. चित्रात आधी रस्त्याचा काठ बघा, गाड्या नंतर.

डावीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्याला आणि उजवीकडे वळणाऱ्यालाही वाट द्यायची. उजवीकडे वळताना शेजारून सरळ जाणारा सायकलस्वार आणि रस्ता ओलांडणारा पादचारी आधी. मुख्य रस्ताच चौकात वळत असेल, तर त्याच रस्त्याने जातानाही इंडिकेटर द्यावा लागतो. हे आमच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा चुकवतो.

डिपरबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. इथे डिपर आणि हॉर्न धोक्याची सूचना द्यायला, किंवा वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना वापरतात. 'हॉर्न वाजवून पुढे जाईन' असा पर्याय दिसला की तो बहुतेक वेळा चुकीचाच असतो.

आकडे

आकड्यांचे प्रश्न घोकण्यापेक्षा एकदा समजून घ्या. वेगाला १० ने भागून ३ ने गुणलं की प्रतिक्रियेत गेलेलं अंतर मीटरमध्ये मिळतं. वेगाला १० ने भागून त्याचा वर्ग केला की साध्या ब्रेकचं अंतर. ताशी ५० किलोमीटरला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. ताशी ३० ला ९ अधिक ९, म्हणजे १८. ताशी १०० ला १३०. जोरात ब्रेक दाबला तर फक्त ब्रेकचा भाग निम्मा होतो. प्रतिक्रियेचा भाग तेवढाच राहतो, आणि इथेच उत्तरं चुकतात.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. ३० ने येणारी गाडी १८ मीटरवर पूर्ण थांबलेली असते. ५० ने येणाऱ्या गाडीचा ब्रेक त्या जागी जेमतेम तीन मीटर लागलेला असतो आणि तिचा वेग अजून ताशी ४७ च्या आसपास असतो. त्या जागी एखादं मूल चेंडूमागे धावत आलेलं असेल. वस्तीतल्या काही रस्त्यांवरचा ३० चा नियम, त्यावरचे प्रश्न आणि त्यांचे गुण या एका हिशोबातून उमगतात.

बाकीचे आकडे थोडे आहेत : वेगमर्यादा वस्तीत ५०, वस्तीबाहेर १००, मर्यादेची पाटी नसलेल्या ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, शिफारस १३०. सायकलला ओव्हरटेक करताना वस्तीत किमान दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर अंतर. टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर. थांब्यावर धोक्याचे दिवे लावून उभ्या बसजवळून माणसाच्या चालीनेच जायचं, आणि हे समोरच्या दिशेने येणाऱ्या गाडीलाही लागू आहे.

सराव

कारच्या परीक्षेच्या प्रश्नसंचात हजाराहून जास्त प्रश्न आहेत, वर्षातून दोनदा त्यात बदल होतात आणि चित्रंही बदलून येतात. म्हणून उत्तराची जागा पाठ करून भागत नाही. चुकलेला प्रश्न वहीत लिहा आणि शेजारी मराठीत एक ओळ लिहा : थांबायचं कुणी, आणि का? अशी ओळ लिहिता आली नाही तर तो प्रश्न अजून समजलेला नाही, मग खूण बरोबर पडली असली तरी. सलग काही सराव परीक्षा पाचपेक्षा कमी दोषगुणांत सुटू लागल्या की मगच आम्ही तारीख घ्यायला सांगतो.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट न विसरता न्या. निकाल तिथेच कळतो. नापास झालात तर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बसता येतं. पास झालात तर प्रत्यक्ष परीक्षा १२ महिन्यांच्या आत द्यावी लागते, म्हणून फारशूलेत तास त्याच आठवड्यात ठरवून टाका. जर्मन लायसन्स हातात देताना भारतीय लायसन्स कार्यालय जमा करून घेतं. त्याची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आधीच काढून ठेवा.