शेंगेन व्हिसा नाकारला, तर दाद कुठे आणि कशी मागायची

शेंगेन क्षेत्रातल्या २९ देशांनी आपापसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकली आहे. ही मोकळीक टिकवायची, तर बाहेरच्या दारावरचा पहारा कडक लागतो. पण त्यामुळेच एका देशाने तुमच्या नावाला हरकत घेतली, की बाकीच्यांचंही दार बंद होऊ शकतं. म्हणून नकाराविरुद्ध अपील करण्याचा हक्क युरोपीय महासंघाच्या व्हिसा संहितेतच (२००९) दिलेला आहे. आपल्याकडे बहुतेक जण तो न वापरता नव्याने फी भरतात, याची फार हळहळ वाटते.

आधी मूळ अर्ज. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाआधी सहा महिने ते १५ दिवस या काळात, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. सोबत फोटो, ३० हजार युरोंचा प्रवास विमा, मुक्कामाचे व खर्चाचे पुरावे, आणि तुम्ही परत याल हे दाखवणारे कागद : नोकरी, रजेचं पत्र, घरदार. प्रौढांची फी ९० युरो. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

नकार ठरावीक छापील नमुन्यातच येतो. त्यात कारणापुढे खूण असते आणि अपील कुठे, किती दिवसांत करायचं तेही लिहिलेलं असतं. हा कागद आणि तो हाती पडल्याची तारीख जपून ठेवा. व्हिसा नाकारणाऱ्या देशाविरुद्धचं अपील त्याच्याच कायद्याप्रमाणे होतं. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडच्या फेरविचाराची सोय बंद केली, त्यामुळे तिथे आता थेट न्यायालयात जावं लागतं. पद्धत देशागणिक वेगळी असली, तरी कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर न्यायालयाचं दार उघडं असलंच पाहिजे, असा निकाल युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

अर्जदारासाठी त्याहून मोलाचा निकाल २४ नोव्हेंबर २०२० चा. एका इजिप्शियन अर्जदाराला नेदरलँड्सने व्हिसा नाकारला होता, तो हंगेरीच्या हरकतीमुळे. न्यायालय म्हणालं, हरकत कोणत्या देशाची आणि नेमक्या कोणत्या कारणाने, हे अर्जदाराला कळलंच पाहिजे. तिच्याविरुद्ध त्या देशात कुठे दाद मागायची, हेही. तुमच्या पत्रात ‘सुरक्षेला धोका’ एवढंच असेल, तर हा मुद्दा अपिलात जरूर मांडा.

शेंगेन माहिती प्रणालीत, म्हणजे या देशांच्या सामायिक नोंदसंग्रहात, तुमच्या नावावर प्रवेशबंदीची नोंद आहे, असं कारण दिलं असेल, तर वेगळा अर्ज करा. तो ही प्रणाली वापरणाऱ्या कोणत्याही देशाकडे करता येतो. ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जोडून माहिती मागा. नोंद चुकीची असल्यास दुरुस्ती आणि बेकायदा असल्यास ती काढून टाकणं, दोन्ही मागता येतं.