प्रोटॉनच्या स्पिनचा हिशेब

प्रोटॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग (फिरण्याचं माप), ½ असतो आणि काही केल्या बदलत नाही. न्यूट्रॉनचाही तेवढाच. (एकक एच-बार, म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २π; पुढे ते गृहीत धरू.) एमआरआय यंत्रात शरीरातल्या पाण्याचं चित्र उमटतं, ते हायड्रोजनच्या केंद्रकातल्या याच स्पिनच्या जोरावर. या आकड्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की हे अर्धं प्रोटॉनच्या पोटातल्या कोणाकोणाकडून येतं.

१९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कची, म्हणजे प्रोटॉनच्या आतल्या मूलकणांची, कल्पना मांडली, तेव्हा उत्तर सोपं वाटलं. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क, एक डाउन क्वार्क, आणि प्रत्येकाचा स्पिन ½. दोन एका दिशेला, तिसरा उलट: ½ + ½ − ½ = ½. जरा काटेकोर गणित केलं, तर अप क्वार्कांचा वाटा +४/३, डाउनचा −१/३, बेरीज बरोबर १, म्हणजे शंभर टक्के. याच चित्रातून न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या चुंबकीय परिबलांचं (चुंबक म्हणून असलेल्या ताकदीचं) गुणोत्तर −२/३ निघतं. मोजलेलं आहे −०.६८५. इतकं चपखल उत्तर देणाऱ्या चित्रावर लोकांचा विश्वास बसला, यात नवल नाही.

पण खटकण्यासारखं काहीतरी त्यातही होतं. न्यूट्रॉनच्या बीटा ऱ्हासातून, म्हणजे त्याचं प्रोटॉनमध्ये रूपांतर होतं त्यातून, एक स्थिरांक मिळतो. अप आणि डाउन क्वार्कांच्या स्पिन-वाट्यांमधला फरक तो सांगतो. साध्या चित्राप्रमाणे तो ५/३, म्हणजे १.६७ यायला हवा, येतो १.२७. कारण क्वार्कांच्या वेगात आहे. प्रोटॉनची त्रिज्या जेमतेम ०.८४ फेम्टोमीटर. एवढ्याशा जागेत कोंडलेल्या हलक्या क्वार्कला अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार इतका संवेग मिळतो, की तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. अशा कणाला डिरॅकचं समीकरण लावलं, की त्याच्या कोनीय संवेगाचा एक हिस्सा आपोआप कक्षीय, म्हणजे प्रोटॉनच्या आत घिरट्या घालण्याचा, होतो. स्वतःच्या स्पिनचा वाटा मग ६०-६५ टक्क्यांवर उतरतो. जॉन एलिस आणि रॉबर्ट जॅफी यांनी १९७४ मध्ये, स्ट्रेंज क्वार्कांचा (अप-डाउनपेक्षा जड अशा तिसऱ्या प्रकारच्या क्वार्कांचा) वाटा शून्य धरून, वेगळ्या वाटेने साधारण याच आकड्याचं भाकीत केलं होतं.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशन या गटाने, म्हणजे ईएमसीने, ते तपासलं आणि १९८८ मध्ये निकाल जाहीर केला. स्पिनच्या दिशेनुसार टकरींत पडणाऱ्या फरकावरून एक बेरीज काढतात; एलिस-जॅफी भाकिताप्रमाणे ती ०.१८९ यायला हवी होती. गटाच्या १९८९ च्या सविस्तर लेखात ती ०.१२६ आहे. त्यावरून क्वार्कांच्या स्पिनचा एकूण वाटा निघतो सुमारे १२ टक्के, आणि त्रुटी एवढी, की तो शून्य आहे म्हटलं तरी चालावं. ‘स्पिनचं संकट’ हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. माझ्या मते नाव जरा भडक आहे. निसर्गाचा हिशेब कधी चुकला नव्हता. आपण लावलेली वाटणी चुकली होती.

ही मोजणी करतात कशी, ते पाहण्यासारखं आहे. म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) किंवा इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळतो तेव्हा दोघांमधला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एखाद्या क्वार्कला धडकतो. फोटॉनचा स्पिन एका ठरावीक दिशेला असेल, तर तो उलट स्पिनचाच क्वार्क पकडू शकतो. म्हणून शलाका आणि लक्ष्य या दोघांचे स्पिन आधी एका दिशेला वळवायचे, म्हणजे ध्रुवित करायचे, मग एकाची दिशा उलटवायची आणि टकरींच्या संख्येत किती फरक पडतो ते मोजायचं.

शलाका सोपी. पायऑन नावाच्या अल्पायुषी कणाच्या ऱ्हासातून येणारे म्युऑन जन्मतःच सुमारे ८० टक्के ध्रुवित असतात. डोकेदुखी लक्ष्याची. प्रोटॉनचं चुंबकत्व इतकं क्षीण, की २.५ टेस्ला क्षेत्रात आणि १ केल्विन तापमानातही त्यांचं ध्रुवण फक्त पाव टक्का होतं. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व सुमारे ६६० पट जास्त, त्यामुळे त्याच परिस्थितीत ते ९३ टक्के ध्रुवित असतात. मग युक्ती अशी: गोठवलेल्या अमोनियाच्या बारीक खड्यांवर आधी इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यात जोडी तुटलेले इलेक्ट्रॉन तयार करायचे, आणि लक्ष्यात भरल्यावर ७० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हनी त्या इलेक्ट्रॉनांचं ध्रुवण शेजारच्या प्रोटॉनांकडे वळवायचं. तासन्‌तास हे चाललं, की प्रोटॉन ८०-९० टक्क्यांपर्यंत पोचतात. त्यानंतर तापमान एक दशांश केल्विनच्या खाली नेलं, की स्पिन तिथेच ‘गोठतात’.

तरीही सिग्नल बारीकच. अमोनियाच्या रेणूतल्या १७ केंद्रककणांपैकी हायड्रोजनचे प्रोटॉन तीनच; नायट्रोजनमधले १४ नुसती गर्दी करतात. ०.८ × ०.८५ × ३/१७ हा गुणाकार ०.१२ येतो. म्हणजे खरा फरक १० टक्के असेल, तर हाती लागतो १.२ टक्के, आणि म्युऑनकडून फोटॉनकडे ध्रुवण पोचतानाची घट वेगळीच. एवढासा फरक दहा टक्के अचूकतेने मोजायचा, तर सात लाखांच्या आसपास टकरी हव्यात. त्यात शोधकाची क्षमता किंवा शलाकेची तीव्रता एक टक्क्याने जरी सरकली, तरी खोटा फरक दिसू लागतो. म्हणूनच ईएमसीने आणि पुढे सर्नमधल्याच कॉम्पासने लक्ष्याचे वेगवेगळे कप्पे एकामागे एक ठेवून त्यांना उलटसुलट ध्रुवित केलं. तीच शलाका सगळ्यांतून जाते, त्यामुळे तिची तीव्रता भागाकारात निघून जाते. मग ठरावीक काळाने कप्प्यांच्या दिशा अदलाबदल करायच्या, म्हणजे जागेमुळे येणारा फरकही कटतो.

ईएमसीनंतर अमेरिकेतलं स्लॅक, जर्मनीतल्या डेझीमधला हर्मीस प्रयोग, कॉम्पास आणि अमेरिकेतलीच जेफरसन लॅब यांनी मोजण्या सुधारल्या. आजचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला आहे. स्पिनच्या भाषेत ½ पैकी ०.१५.

उरलेल्यात पहिला संशय क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या ग्लुऑन या कणांवर. त्यांच्यावर विद्युतभार नाही, म्हणून फोटॉन त्यांना थेट पाहू शकत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या रिक त्वरकात ध्रुवित प्रोटॉनवर ध्रुवित प्रोटॉन आदळवले. त्वरकातल्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनचा स्पिन भोवऱ्यासारखा डुलतो. २५५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला तो रिंगणाच्या एका फेरीत सुमारे ४८७ वेळा डुलतो. हा आकडा पूर्णांक झाला, की चुंबकांतल्या बारीकसारीक चुका प्रत्येक फेरीत एकाच दिशेने साचतात आणि ध्रुवण नष्ट होतं. ऊर्जा वाढवताना असे चारशेहून अधिक पूर्णांक ओलांडावे लागतात. उपाय म्हणजे ‘सायबेरियन स्नेक’, पीळ दिलेल्या अतिसंवाहक चुंबकांची मालिका. प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर ती स्पिन १८० अंशांनी उलटवते, आणि आधीच्या अर्ध्या फेरीत साचलेली चूक पुढच्या अर्ध्यात फिटते.

या टकरींतून उडणाऱ्या जेट्स (कणांचे झोत) आणि पायऑनांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला: प्रोटॉनच्या संवेगाचा ५ टक्क्यांहून जास्त हिस्सा वाहणाऱ्या ग्लुऑनांचा स्पिन-वाटा सुमारे ०.२० आहे. ०.१५ आणि ०.२० मिळून ०.३५, उरलेले ०.१५ कक्षीय कोनीय संवेगाचे, असं म्हणून वही मिटायचा मोह होतो. तो टाळावा. ५ टक्क्यांच्या खालचे ग्लुऑन संख्येने अफाट आहेत आणि तिथली त्रुटी मोठी आहे.

दुसरी अडचण मुळातली आहे. वाटणी एकमेव नाही. जॅफी आणि अनीश मनोहर यांनी १९९० मध्ये स्पिनचे चार भाग केले: क्वार्कांचा स्पिन, ग्लुऑनांचा स्पिन आणि दोघांची कक्षीय गती. शियांगदोंग जी यांनी १९९७ मध्ये तीनच भाग ठेवले, ग्लुऑनांचा वाटा अखंड. दोन्हींची बेरीज ½ च, पण ‘क्वार्कांची कक्षीय गती’ या एकाच नावाखालचे आकडे वेगळे. शिवाय किती बारकाईने पाहता त्यावर वाटे बदलतात. जास्त ऊर्जेच्या फोटॉनला एकाच क्वार्कच्या जागी क्वार्क आणि त्यातून सुटलेले ग्लुऑन दिसतात. ग्लुऑनांचा स्पिन वाढत जातो, त्यांची कक्षीय गती उलट दिशेने वाढून तो फेडते. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कुठल्या पातळीवरचा, हे आधी विचारायचं.

जी यांच्या वाटणीचा फायदा हा, की ती प्रयोगात पकडता येते. इलेक्ट्रॉनच्या टकरीनंतर प्रोटॉन न फुटता शाबूत राहतो आणि सोबत एकच फोटॉन बाहेर पडतो, अशा विरळ घटनांतून क्वार्क किती संवेग घेऊन कुठे आहे, याचा एकत्र नकाशा मिळतो. महासंगणकांवरची लॅटिस गणितंही (अवकाश-काळाची जाळी कल्पून केलेली) हीच वाटणी वापरतात. २०२० च्या अशा एका गणितात क्वार्क-ग्लुऑनांचं प्रमाण साधारण ६०:४० आलं. ५ टक्क्यांखालच्या ग्लुऑनांसाठी मात्र नवं यंत्र लागेल. ब्रुकहेवनला इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारायचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. त्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही सुमारे ७० टक्के ध्रुवित असतील, आणि संवेगाचा दहा हजारावा हिस्सा वाहणाऱ्या कणांपर्यंत पोचण्याचा बेत आहे.