स्टुडंट व्हिसा की चान्सनकार्टे?

दिवाळीला बेळगावला आले की फराळाचं ताट यायच्या आधी कुणाची तरी फाईल पुढ्यात येते. यंदा शहापूरच्या काकू मुलालाच घेऊन आल्या. ‘ह्याला जर्मनीचा वर्क व्हिसा मिळतोय म्हणे. एजंट अडीच लाख मागतोय. तू बग जरा.’ फाईल उघडली तर वर कॉलेजच्या इमारतीचा रंगीत फोटो आणि आत चान्सनकार्टेचे, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधायच्या कार्डाचे, कागद. आई त्याला वर्क व्हिसा समजत होती, मुलगा स्टुडंट व्हिसा समजत होता. एजंटनं दोघांचंही खरं करून ठेवलं होतं.

स्टुडंट व्हिसा मिळतो तो हातात विद्यापीठाचा प्रवेश असेल तर. चान्सनकार्टे मिळतं ते हातात काहीच नसताना, म्हणजे जर्मनीत राहून नोकरी शोधायला, जास्तीत जास्त एक वर्षासाठी. ते 1 जून 2024 पासून सुरू झालं आणि पदवीधरांसाठीचा जुना जॉब सीकर व्हिसा त्यातच विरला. दोन्हींत सहसा पैसे एका खात्यात अडकवावे लागतात, दोन्हींत थोडंफार काम करता येतं, आणि दोन्हींच्या जाहिरातीत तोच तो बर्लिनचा दरवाजा. गोंधळ होणारच.

विद्यार्थ्याची वाट आता बऱ्याच जणांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. भारतीय मुलांना नोव्हेंबर 2022 पासून आधी एपीएस ह्या जर्मन वकिलातीच्या तपासणी कार्यालयाकडून आपली प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही 2024 च्या हिवाळी सत्रापासून युरोपाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. ‘जर्मनीत फुकट’ असं कुणी म्हणालं की ‘कुठल्या गावात?’ एवढंच विचारायचं. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. शिक्षण संपलं की नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. माझ्या मते ह्या व्हिसाची खरी किंमत त्या 18 महिन्यांत आहे. तोवर भाषा तोंडात बसलेली असते, हातात जर्मन पदवी असते, आणि निदान एका प्राध्यापकाला तुमचं नाव नीट उच्चारता येत असतं.

चान्सनकार्टेला आत जायला दोन दारं आहेत, आणि एजंट सहसा एकच दाखवतात. तुमची पदवी किंवा प्रशिक्षण जर्मनीच्या तोडीचं म्हणून पूर्ण मान्य झालं, तर गुणबिण मोजायचे नाहीत. विद्यापीठ आणि पदवी त्या तोडीची आहे का, हे अनाबिन नावाच्या जर्मन सरकारी यादीत घरबसल्या, फुकट पाहता येतं. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्याच गावात असल्यामुळे इथल्या अर्ध्या इंजिनिअरांचा प्रश्न एकाच ओळीत सुटतो, तरी त्याच ओळीसाठी पैसे मोजलेली माणसं मला भेटली आहेत.

दुसरं दार गुणांचं, सहा गुणांचं. त्यासाठी आपल्या सरकारनं मान्य केलेली पदवी किंवा निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं, आणि जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 लागतं (भाषेच्या पातळ्या खालून वर ए1, ए2, बी1, बी2, सी1 अशा). ही झाली पायरी, गुण त्याच्या पुढे. काकूंचा मुलगा आयटीआयचा टर्नर, दोन वर्षांचा कोर्स, वय 27, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहा वर्षं लेथवर. मी फराळाच्या पिशवीच्याच पाठीवर मांडून दाखवलं. पस्तिशीच्या आतला, 2. गेल्या सात वर्षांत आपल्याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव, 3. झाले पाच. जर्मन ए2 केलं तर 1, सहा पुरे. शिवाय ए2 म्हटल्यावर ए1 ची पायरीही आपोआप भागते. बी1 केलं तर 2, बी2 ला 3. इंग्रजी सी1 चाही एक गुण आहे, पण लेथवरच्या माणसाला त्यापेक्षा जर्मन ए2 सोपं जाईल, आणि उपयोगीही तेच.

‘म्हणजे मिळतंय की!’ काकू म्हणाल्या. मी म्हटलं, अनुभवाचा कागद दाखवा. तिथं सगळं अडलं. पहिली चार वर्षं तो ज्या शेडमध्ये होता तिथं पगार रोख मिळायचा, शनिवारी संध्याकाळी, पाकिटात. ना स्लिप, ना पीएफ. कागदावर दोनच वर्षं उरली. गेल्या पाच वर्षांतल्या दोन वर्षांच्या अनुभवाला 2 गुण असतात, म्हणजे बेरीज चार. मग ए2 नं भागत नाही, बी1 लागतं. एका हरवलेल्या कागदाची किंमत एक अख्खी भाषेची पातळी. अडीच लाखांत एजंटनं हे सांगितलं नव्हतं.

पैशाची बाजू. 2025 साली विद्यार्थ्याला खात्यात 11,904 युरो दाखवावे लागत होते, म्हणजे महिन्याला 992. चान्सनकार्टेवाल्याला महिन्याला 1,091, वर्षाचे 13,092. आकड्यांतला फरक थोडा, घरातला फरक मोठा. प्रवेशाचं पत्र असलं की बँक एज्युकेशन लोन देते. ‘मी नोकरी शोधायला चाललोय’ ह्यावर एज्युकेशन लोन मिळत नाही. मग उरतं पर्सनल लोन, सोनं, नाहीतर शेताचा उतारा. हा पैसा तिथं दर महिन्याला हप्त्यानं परत मिळतो आणि खर्च होतो. बाराव्या महिन्यात खातं रिकामं आणि नोकरी नाही, तर विमान परतीचं.

तिथं गेल्यावर चान्सनकार्टेवर आठवड्याला सरासरी 20 तास कुठलंही काम चालतं, आणि एकेका मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणीचं पूर्ण वेळ कामही करता येतं. ही सोय मला फार हुशारीची वाटते. आपल्या पोराचा हात मालकानं लेथवर पाहिला, की मार्कशीट कोण बघतंय? पक्की नोकरी मिळाली की तिथल्या तिथं परवाना बदलून मिळतो, बेळगावला परत यावं लागत नाही. मात्र बायकोला त्याच कार्डावर मागोमाग नेता येत नाही, ती स्वतःचे सहा गुण मिळवेल तर गोष्ट वेगळी.

काकूंच्या मुलाच्या मावसबहिणीचंही त्याच बैठकीत निघालं. ती व्हीटीयूची बी.ई., 22 वर्षांची, अनुभव शून्य. पदवी मान्य होत असेल तर तिला स्टुडंट व्हिसा आणि चान्सनकार्टे, दोन्ही वाटा उघड्या. मी तिला एम.एस. कर म्हटलं. अनुभव नाही, भाषा नाही, आणि एका वर्षाचं घड्याळ टिकटिकतंय, अशा अवस्थेत परक्या गावात मुलाखती देत फिरायचं म्हणजे चन्नम्मा चौकात उभं राहून पुण्याची गाडी थांबेल का बघण्यासारखं. एखादी थांबतेसुद्धा. ज्याच्या हातात कसब आहे आणि ते कागदावरही आहे, त्याचं कार्ड. ज्याला अजून कसब मिळवायचंय, त्याचा प्रवेश.

आपल्या सीमाभागाची म्हणून दोन लफडी आणखी. व्हिसाचा अर्ज राहत्या पत्त्यावरून ठरतो. बेळगाव, खानापूर, निपाणीचा माणूस बंगळूरच्या जर्मन वकिलातीखाली, आणि शिनोळीजवळ राज्याची हद्द ओलांडली की चंदगडचा माणूस मुंबईच्या. मित्राची तारीख मुंबईला लागली म्हणून आपलीही तिथंच घेऊ नये, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत बंगळूर गाठावं. जर्मनच्या परीक्षेला मात्र हे बंधन नाही, पुण्याच्या माक्स म्युलर भवनात दिली तरी चालते. दुसरं म्हणजे गावाचं नाव. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बदललं, त्यामुळे एकाच पोराच्या जन्मदाखल्यावर ‘बेलगाम’ आणि डिग्रीवर ‘बेळगावी’ असतं. आपण काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण जर्मन कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटू शकतात. अर्जाला एका ओळीचा खुलासा जोडलेला बरा.

काकूंनी एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं. मुलगा सोमवारपासून जुन्या मालकाच्या मागे लागलाय, चार वर्षांचं पत्र लेटरहेडवर मिळतंय का बघायला. मालक म्हणतोय, लेटरहेड छापलेलंच नाही.