हार्डडिस्क शाबूत, तरी काट्यावरचा संगणक का अडकतो?

कापसाचा हंगाम ऐन भरात आला की जिनिंगच्या काट्यावरच्या संगणकाची एक तक्रार ऐकू येते. बाहेर गाड्यांची रांग, आत माऊस हलतो आहे, पण काटापट्टी काही निघत नाही. डिस्कचा दिवा एकसारखा पेटून राहतो आणि अर्ध्या मिनिटाने सगळे आपोआप सुरळीत होते. निदान ठरलेले: हार्डडिस्क गेली. नवी डिस्क बसते, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग बोट उन्हाकडे जाते. पण विदर्भात कापसाची गर्दी दिवाळीनंतर, थंडीत असते. पारा ४५ वर असताना जो संगणक अडकला नाही, तो डिसेंबरात अडकत असेल, तर उन्हापेक्षा कामाच्या गर्दीवर संशय घ्यायला हवा.

त्यातही संगणक जुना, दोन प्रोसेसरचा सर्व्हर असेल आणि डिस्क वेगळ्या कंट्रोलर कार्डावर असेल, तर ड्रायव्हर तपासायलाच हवा. कंट्रोलर डिस्कशी व्यवहार करतो. कंट्रोलरला काम सांगणारा आणि झालेले काम उतरवून घेणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

साटा (आजकालच्या साध्या हार्डडिस्कच्या जोडणीचा प्रकार) डिस्कवर एका वेळी जास्तीत जास्त ३२ मागण्या सोपवता येतात. प्रत्येक मागणीला ० ते ३१ पैकी एक मोकळा क्रमांक मिळतो. समजा, काट्यावर दोन मुनीम आहेत आणि बिल्ल्यांची वही एकच. पहिल्याने पाहिले, ७ नंबर मोकळा आहे. तो खूण करणार तेवढ्यात दुसऱ्यानेही पाहिले, ७ मोकळाच. दोघांनीही आपापल्या गाडीला ७ नंबर दिला. काटा ७ नंबरची गाडी एकदाच मोजतो आणि एकदाच हाक देतो. दुसरी गाडी उभीच! संगणकात नेमके हेच घडते. एका मागणीवर दुसरी लिहिली जाते, कंट्रोलर 'झाले' असे एकदाच कळवतो आणि उरलेली मागणी कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहते. लिनक्समध्ये ही वाट सहसा ३० सेकंद पाहिली जाते, मग कंट्रोलर रिसेट करून मागणी पुन्हा पाठवतात. ते अर्धे मिनिट इथून येते. दोघांनी एकाच वेळी वहीला हात लावल्याने होणाऱ्या या घोटाळ्याला रेस कंडिशन म्हणतात.

एकच प्रोसेसर असताना हा घोटाळा टाळणे सोपे होते. ड्रायव्हरचे काम मध्येच तोडू शकतो तो इंटरप्ट, म्हणजे कंट्रोलरची 'काम झाले' ही हाक. वहीत लिहीपर्यंत इंटरप्ट बंद ठेवले की झाले. दोन प्रोसेसर असले की हा उपाय तोकडा पडतो, कारण प्रोसेसर फक्त स्वतःचे इंटरप्ट बंद करतो. दुसरा बिनधास्त वहीला हात लावतो. म्हणून स्पिनलॉक लागतो: कुलूप एकाकडे असेपर्यंत दुसरा तिथेच घिरट्या घालतो. पण कुलूप घेतले आणि इंटरप्ट बंद करायचे राहिले, तर नवे संकट. त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट येतो, तो तेच कुलूप मागतो, आणि कुलूप सोडणारा तर त्याच्याच खाली थांबलेला. प्रोसेसर कायमचा अडकतो. बहुधा माऊससुद्धा हलत नाही.

घरगुती संगणकांत दुहेरी कोर, म्हणजे एकाच चिपवर दोन प्रोसेसर, २००५ पासून रुळले. त्याआधीचे कितीतरी ड्रायव्हर एकाच प्रोसेसरवर तपासलेले होते. लिनक्सने १९९६ मध्ये बहुप्रोसेसर आधार दिला तो सगळ्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एकच मोठे कुलूप लावून. ते पुरते काढायला २०११ उजाडले. इतके हे काम नाजूक आहे. वहीत पाहणे आणि खूण करणे यांतली फट काही नॅनोसेकंदांची. पण सेकंदाला १०० मागण्या धरल्या तर आठ तासांत २८ लाख ८० हजार वेळा ती फट उघडते.

आता तपासणी. सगळ्यात आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या नोंदी, पाहाव्यात. ५ किंवा १९७ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर डिस्क खरोखर खराब होते आहे. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलावी. तो आकडा नंतर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, ७ क्रमांकाची घटना म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे केलेला रिसेट. प्रत्येक अडकण्याची घड्याळी वेळ लिहावी. ती प्रेसची मोटर सुरू होण्याच्या वेळेशी जुळली तर व्होल्टेज आणि यूपीएस तपासावा, पंख्यात अडकलेली रुई काढावी. दाराला लिंबू-मिरची बांधून किंवा 'बूस्टर' सॉफ्टवेअर टाकून यातले काहीच दुरुस्त होत नाही, उलट नोंदी ठेवायचे राहून जाते.

एवढे करून १२९ येतच राहिला, तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनाच्या बूट विभागात, प्रगत पर्यायांत प्रोसेसरची संख्या १ करावी (लिनक्समध्ये बूटच्या ओळीत मॅक्ससीपीयूज १). दोष दिवसातून तीनदा येत असेल तर किमान दोन-तीन दिवस तेवढ्याच गर्दीत चालवावे. दोष गेला तरी लगेच ड्रायव्हरला दोषी धरू नये; एका कोरवर वीज कमी लागते आणि उष्णताही कमी होते. म्हणून उलट चाचणीही घ्यावी: सगळे कोर चालू, पण डिस्कच्या रांगेची खोली, म्हणजे एका वेळी सोपवायच्या मागण्या, ३२ वरून १. यानेही दोष थांबला तर संशय मागण्यांच्या हिशेबावर येतो, मग तो ड्रायव्हरमधला असो वा डिस्कच्या फर्मवेअरमधला (डिस्कच्या आतच बसवलेल्या प्रोग्राममधला).

त्यानंतर कार्डाचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही, एकमेकांना जुळणाऱ्या आवृत्तीचे, कार्ड बनवणाऱ्याकडूनच घ्यावेत. नवा ड्रायव्हर निघतच नसेल तर डिस्क मदरबोर्डच्या पोर्टवर हलवावी. मात्र कार्डावर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेली मांडणी, केलेले असेल तर डिस्क उचलून तशीच तिथे लावू नये: बोर्डाला ती मांडणी वाचता आली नाही, तर विंडोज ती डिस्क 'इनिशियलाइझ', म्हणजे नव्याने आखायला, सांगते, आणि तिथे होकार दिला की जुनी मांडणी पुसली जाऊ शकते.