वायरलेस अडॅप्टरच्या सेटिंगमागचा इतिहास

साताऱ्याच्या जुन्या पेठांमध्ये दगडी जोत्याचे, जाड भिंतींचे काही वाडे अजून उभे आहेत. अशा वाड्याच्या ओसरीवर करसल्लागाराचे कार्यालय असावे आणि राऊटर माजघरात असावा, म्हणजे मधल्या भिंतीत सिग्नल विरतो. मग कोणीतरी विंडोजचे डिव्हाइस मॅनेजर उघडून वायरलेस अडॅप्टरच्या, म्हणजे संगणकाला वायफायशी जोडणाऱ्या कार्डाच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर जाते. तेथील आणि सुरक्षेच्या यादीतील पर्याय वरवर समान तोलाचे दिसतात. वस्तुतः ते वेगवेगळ्या काळांत एकमेकांवर साचलेले थर आहेत.

अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले आणि १९९७ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.११ हे वायफायचे मानक जाहीर केले, ज्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. तारेतली माहिती चोरण्यासाठी तारेपर्यंत पोचावे लागते, हवेतली मात्र रस्त्यावर उभे राहूनही टिपता येते. म्हणून या मानकात डब्ल्यूईपी ही कूटपद्धती घातली गेली. तिची किल्ली ४० बिटांची होती आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्यागणिक, म्हणजे पाकिटागणिक, बदलणारा आकडा अवघ्या २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख शक्यतांचा. गजबजलेल्या नेटवर्कवर त्या काही तासांतच संपत आणि तेच आकडे पुन्हा येत. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी या रचनेतून किल्ली कशी हाती लागते ते दाखवून दिले.

अडचण अशी होती, की तोवर विकल्या गेलेल्या वायफाय कार्डांना अधिक भक्कम एईएस ही कूटपद्धत झेपणारी नव्हती. त्यामुळे २००३ मध्ये डब्ल्यूईपीच्या जागी डब्ल्यूपीए आले ते तडजोड म्हणूनच: त्यातील टीकेआयपी या पद्धतीने डब्ल्यूईपीचेच आरसी४ हे कूटगणित ठेवले, फक्त किल्ली दर पाकिटाला बदलली. एईएसवर उभे असलेले डब्ल्यूपीए२ २००४ मध्ये आले आणि मार्च २००६ पासून वायफाय प्रमाणपत्रासाठी सक्तीचे झाले. २००१ च्या विंडोज एक्सपीला मात्र यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. डब्ल्यूपीए तिच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये मिळाले, तर डब्ल्यूपीए२ साठी निराळे अपडेट घालावे लागे. दरम्यान कार्डनिर्माते आपापली सॉफ्टवेअरे देत राहिले आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी दिसू लागली, हा गोंधळ अनेकांना आठवत असेल.

टीकेआयपीचा एक परिणाम आजही छळतो. २००९ च्या ८०२.११एन मानकाचे वाढीव वेग त्याच्यासोबत चालत नाहीत, वेग ५४ मेगाबिटांवर अडतो, आणि दोष मात्र इंटरनेट पुरवणाऱ्याला दिला जातो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना झाला. जुलै २००८ मधील अहमदाबाद स्फोटांपूर्वीचा ईमेल नवी मुंबईतील एका असुरक्षित वायफायवरून गेल्याचे उघड झाले, तेव्हा पासवर्डचा प्रश्न घरोघरी पोचला. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला खरा, परंतु त्याच्या लहरी दगडी भिंतीत अधिक शोषल्या जातात. म्हणून वाड्यात ‘प्रिफर्ड बँड’ २.४ ठेवणे बहुधा बरे. त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे तेथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ (अधिक चांगल्या सिग्नलच्या राऊटरकडे सरकण्याची तत्परता) वाढवण्याचा लोकप्रिय उपाय एकच राऊटर असलेल्या घरी व्यर्थ आहे, कारण सरकायला दुसरा राऊटरच नसतो.

२०१७ मध्ये मॅथी व्हॅनहोफ यांनी डब्ल्यूपीए२ च्या जोडणी-प्रक्रियेतील क्रॅक हा दोष दाखवला. तो अद्ययावत ड्रायव्हर आणि प्रणालीने दुरुस्त होणारा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या डब्ल्यूपीए३ ने टिपलेल्या माहितीवर घरी बसून पासवर्ड ताडून पाहण्याची वाट बंद केली. कार्यालयातील जुन्या प्रिंटरला मात्र ते समजत नाही, आणि त्याच्यासाठीच राऊटरच्या यादीत डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ एकत्र चालवणारा मिश्र पर्याय आजही ठेवलेला असतो.