अल्काप्टोन्यूरिया

टायरोसीन व फिनिलॲलॅनीन या ॲमिनो अम्लांच्या चयापचयातील दुर्मीळ जन्मजात विकार. होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज हे एंझाइम निकामी असल्याने होमोजेंटिसिक अम्लाचे विघटन होत नाही. त्यातील बराचसा भाग लघवीवाटे जातो. उरलेला कूर्चा, कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे तंतू) इत्यादींत साठून त्याचे काळपट रंगद्रव्य बनते. संबंधित जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून आनुवंशिकता अप्रभावी आहे, म्हणजे आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यासच विकार होतो. प्रमाण सामान्यतः अडीच ते दहा लाखांत एक. स्लोव्हाकियात सुमारे १९,००० त एक.

तान्ह्या मुलाच्या लघवीने दुपट्यावर तपकिरी-काळे डाग पडतात व साबणाने धुताना ते आणखी गडद होतात. अम्लधर्मी लघवी मात्र कित्येक तास काळी पडत नाही. त्यामुळे डाग नाहीत एवढ्यावरून विकार नाही असे ठरवता येत नाही. पुढे तिशीपर्यंत सहसा त्रास नसतो. त्यानंतर डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर करडे ठिपके, कानाच्या पाळीच्या वरील कूर्चेला निळसर झाक आणि कंबरदुखी सुरू होते. ही कंबरदुखी अनेकदा मणक्यांचा साधा संधिवात समजली जाते. क्ष-किरण चित्रात मणक्यांमधील चकत्यांत कॅल्शियम साचलेले दिसते. नंतर गुडघे व खुबे झिजतात. ५८ रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत (२००२) सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे सरासरी वय ५५, हृदयाच्या झडपा बाधित होण्याचे ५४ व मूतखड्याचे ६४ वर्षे आढळले. (रंग उजळण्याच्या हायड्रोक्विनोनयुक्त मलमांनी त्वचा काळवंडते, तो प्रकार निराळा, त्यात हे अम्ल साठत नाही.)

विकाराच्या उगमाविषयी एकोणिसाव्या शतकाअखेर वाद होता. वोल्को व बाउमान या संशोधकांनी १८९१ मध्ये हे अम्ल ओळखले, पण ते आतड्यातील जंतू तयार करतात असे मानले. इंग्रज वैद्य आर्चिबॉल्ड गॅरड यांनी १९०१ मध्ये एका बाधित कुटुंबातील नवजात बालकाची दुपटी जन्मापासून तपासायला लावली. तीन दिवसांच्या आत डाग दिसले, म्हणजे विकार जन्मजात असल्याचे सूचित झाले. आईवडील सख्खी आते-मामे-चुलत भावंडे असण्याचे प्रमाणही अशा कुटुंबांत लक्षणीय होते. १९०२ च्या निबंधात त्यांनी त्याची सांगड मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांशी घातली. याचे श्रेय एकट्या गॅरड यांना देण्याची प्रथा आहे. तथापि मेंडेलचा दुवा आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसन यांनी सुचवला होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एंझाइमचा अभाव प्रत्यक्ष सिद्ध झाला तो १९५८ मध्ये.

हारवा या ईजिप्शियन ममीत (इ.स.पू. सुमारे १५००) हा विकार असल्याचे १९७७ मध्ये मांडले गेले. ममींच्या मणक्यांतील गडद चकत्या मृतदेह टिकवण्याच्या द्रव्यांमुळेही दिसू शकतात, असा आक्षेप आहे.

निटिसिनोन हे औषध अम्लाची निर्मितीच रोखते. युरोपात प्रौढांसाठी त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याने रक्तातील टायरोसीन वाढून डोळ्याच्या पारपटलाला इजा होऊ शकते, म्हणून आहारातील प्रथिने मर्यादित ठेवतात.